ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी

कमलाकांत तामोऱ्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की त्यांनी लिहिलेलं कोणी वाचत नसे, नुसतं पाहत असे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते एकोणीस वर्षं नोंदणीकार होते. काम एकच. तीन नंबरच्या केटलचं तापमान दर तासाला रजिस्टरात लिहायचं. केटल म्हणजे दोन पुरुष उंचीचं पोलादी भांडं. त्यात रंग शिजायचा. चहा कोणी कधी केला नव्हता, पण साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला केटलच म्हणत. केटलच्या डोक्यावर ताटलीएवढी एक डायल होती. तिचा काटा पाहायला बावीस लोखंडी पायऱ्या चढून जावं लागे.

दिवसाचे तास चोवीस, म्हणून रजिस्टरच्या पानावर रकाने चोवीस. रात्रपाळीच्या लोकांचं अक्षर बघवत नाही म्हणून ते रकानेही तामोरे सकाळी आल्यावर स्वतःच भरत. रात्रपाळीनं याला कधी हरकत घेतली नाही.

आता जी गोष्ट कारखान्यात दोघांनाच ठाऊक होती, ती सांगून टाकतो. शहाऐंशी सालच्या श्रावणात ही डायल मेली. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला तो थांबलाच. तामोऱ्यांनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली, साहेबांची सही घेतली आणि चिठ्ठी स्टोअरला दिली. स्टोअरनं सांगितलं, डायल पुण्याहून येईल, महिना लागेल. महिनाभर रकाने कोरे ठेवणं तामोऱ्यांच्या अक्षराला मानवणारं नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं होतं की रंग ऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यान शिजावा. मग त्यांनी अंदाजानं ब्याऐंशी लिहिलं. पुढच्या रकान्यात पुन्हा ब्याऐंशी बरं दिसेना म्हणून त्र्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मग फार वाढायला नको म्हणून पुन्हा त्र्याऐंशी.

महिना झाला, डायल आली नाही. दुसरी चिठ्ठी लिहायला ते बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की "डायल बंद आहे" असं आज लिहिलं तर कोणीतरी विचारणार, मग महिनाभराचे हे सातशेवीस आकडे कुठून आणले? चिठ्ठी त्यांनी उद्यावर टाकली. उद्या आकडे सातशे चव्वेचाळीस झाले होते.

अशी साडेपाच वर्षं गेली. पकडले गेलो तर नोकरी जाणार, ही भीती पहिल्या वर्षी त्यांना रोज वाटे. पुढे ती दर महिन्याला वाटू लागली. एक्क्याण्णव साल उजाडेपर्यंत ती फक्त ऑडिटच्या सुमारास वाटे, तेवढंच.

मग ब्याण्णवच्या फेब्रुवारीत कारखान्यात संगणक आला.

तो वर्क्स मॅनेजर आत्माराम चुरी यांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकच्या झाकणाखाली, उदबत्तीसह स्थानापन्न झाला. चुरी साहेब माणूस उत्साही. प्रत्येक नवीन गोष्ट त्यांना आवडे आणि ती दुसऱ्यानं शिकावी असं त्यांना वाटे. त्यांनी तामोऱ्यांना बोलावलं.

"तामोरे, हेड ऑफिसला दर महिन्याला तीन नंबरच्या केटलचा गोषवारा हवाय. सर्वात जास्त तापमान किती, सर्वात कमी किती, सरासरी किती. मशीन काढून देईल. प्रोग्राम तुम्ही करायचा."

"साहेब, मी?"

"आकडे कोणाचे आहेत?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तामोऱ्यांना चांगलंच माहीत होतं. ते म्हणाले, "माझेच हायत, साहेब."

"झालं तर. बोईसरला क्लास निघालाय. महिनाभर पाचनंतर जा. फी कंपनी देईल."

बोईसरचा क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली दळण चालू असलं की वर पडद्यावरची हिरवी अक्षरं थरथरत. क्लासमध्ये अकरा विद्यार्थी होते. त्यातले दहा नुकतेच बारावी झालेले, आणि अकरावे एक्कावन्न वर्षांचे तामोरे. शिकवणारी हंसा पिंपळे बावीस वर्षांची होती आणि कुंभवलीत राहत होती. कुंभवली म्हणजे वसाहतीला लागूनच. तिच्या घरामागची भिंत हीच तामोऱ्यांच्या कारखान्याची भिंत होती. पहिल्या दिवशी तामोऱ्यांनी तिला "बाय" म्हटलं, मग गडबडून "मॅडम" म्हटलं. ती म्हणाली, "काहीही म्हणा काका, पण आल्याबरोबर मशीन चालू करताना डोळे मिटू नका."

पहिले आठ दिवस ठीक गेले. नवव्या दिवशी हंसानं विचारलं, तुम्हाला नक्की काय करायचंय? तामोऱ्यांनी वही पुढे केली. रात्री जेवायच्या आधी बसून त्यांनी अख्खा प्रोग्राम शाईनं लिहून आणला होता. पहिल्या तासाचं तापमान विचार, ते टी-एकमध्ये ठेव. दुसऱ्या तासाचं विचार, टी-दोनमध्ये ठेव. असं टी-चोवीसपर्यंत. चोवीस तासांना चोवीस नावं, चोवीस ओळी, एकीतही खाडाखोड नाही.

हंसानं वही पाहिली. तिनंही आधी अक्षरच पाहिलं. मग म्हणाली, "काका, फारच छान. आणि महिन्याचं करायचं झालं तर?"

"तर सातशेवीस ओळी."

"आणि वर्षाचं?"

"एक वही पुरनार नाय," तामोरे प्रामाणिकपणे म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. हंसानं तिकडे एकदा पाहिलं आणि फळ्यावर एका ओळीत चौकोन काढले. "चोवीस नावं कशाला ठेवायची? नाव एकच, टी. आणि जागांना नंबर. टी पहिला, टी दुसरा, टी तिसरा. याला ॲरे म्हणायचं. पोस्टात पेट्या असतात ना, तशा."

तामोरे चिंचणीचे. पोस्टातल्या पेट्यांशी त्यांचा संबंध आला नव्हता. ते बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे वलांडी!"

"काय?"

"बोंबील सुकवायची बांबूची वलांडी गं. आमची वलांडी एकच, तामोऱ्यांची. पन जागा किती! पयल्या जागंवर एक जोडी बोंबील, दुसऱ्या जागंवर एक जोडी."

हंसा कुंभवलीची असली तरी तिनं वलांडी पाहिली होती. "बरोबर. आणि ते बोंबील टांगतं कोण?"

"आमची पुष्पलता."

"प्रत्येक जागेसाठी वेगळी पुष्पलता लागते का?"

आता क्लास उघडच हसला. पण तामोऱ्यांना कळलं. बाई एकच. ती बोंबलांची पाटी घेऊन पहिल्या जागेपाशी उभी राहते, टांगते, एक पाऊल पुढे सरकते, टांगते. जागा संपल्या की थांबते. हंसानं फळ्यावर लिहिलं, आय बरोबर एक ते चोवीस, टी आय विचार, नेक्स्ट. "ही लूप. आय म्हणजे काकू कितव्या जागेपाशी आहेत तो आकडा. आणि नेक्स्ट म्हणजे पुढं सरका."

"नेक्स्ट लिवलं नाय तर?"

"तर काकू पहिल्याच जागेपाशी उभ्या राहून मशीनवर ओरडतील."

"मंग मशीनला कळंल," तामोरे म्हणाले. चोवीस ओळींचं काम तीन ओळींत झालं होतं. त्या दिवशी चिंचणीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसून स्वतःशीच मान हलवत होते. खरोखरची भीती त्यांना दुसऱ्या दिवशी भेटायची होती.

दुसऱ्या दिवशी हंसा म्हणाली, "काका, खरे आकडे आणलेत का? खऱ्या आकड्यांवर चालवून बघू."

त्यांनी रजिस्टरची पाच पानं उतरवून आणली होती. पहिलं पान त्यांनी एका बोटानं टाइप केलं. मशीननं चोवीस आकडे वलांडीवर टांगले आणि एकाखाली एक छापून दाखवले. खाली गिरणी थांबली होती, त्यामुळे अक्षरं अगदी स्पष्ट दिसत होती.

ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. ब्याऐंशी.

रजिस्टरात हे आकडे आडवे असत, मध्ये रेघा, खाली सही, शाईला थोडी चमक. तिथे ते आकडे वाटत. इथे हिरव्या उभ्या रांगेत ते कवायत करत होते.

"दुसरं पान घाला," हंसा म्हणाली. दुसरंही तसंच निघालं. तिसरं घालायच्या आधी तिनं स्वतः कीबोर्ड ओढला. चार जागांचा एक ॲरे केला. त्यात चार आकडे टांगले आणि ते सहा वेळा फिरवणारी लूप लिहिली. सगळ्या मिळून पाच-सहा ओळी झाल्या असतील. एंटर मारलं आणि पडद्यावर रजिस्टरचं तिसरं पान आलं. तामोऱ्यांनी हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता.

साडेपाच वर्षं त्यांची अशी समजूत होती की आपण रोज थोडा थोडा बदल करून लिहितो.

"काका," हंसा हळूच म्हणाली. बाकीची मुलं जायला लागली होती. "मी या कागदाला हातही न लावता तुमचं अख्खं वर्ष भरून देऊ शकते. तुम्ही हे आकडे वाचलेत, की लिहिलेत?"

तामोऱ्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "लिवलेत म्हंजे, मंग, रजिस्टर लिवायचंच असतं ना बाय."

"डायल?"

"मेलीय."

"कधी?"

त्यांनी सांगितलं. हंसानं मशीन बंद केलं. झाकण घातलं. मग म्हणाली, "त्या भिंतीला टेकून आमची मोरी आहे. आई तिथंच कपडे धुते. माझ्या आईला, येसूबाईंना, तुम्ही ओळखता."

"वळखतो."

"ती केटल जास्त तापली तर काय होतं?"

पंचाण्णवच्या वर रंग जळतो, हे तक्त्यात लिहिलं होतं. शंभराच्या वर काय होतं ते तक्त्यात नव्हतं. ज्यांनी तक्ता केला त्यांना रकाना पुरला नसावा. तामोरे घाईनं म्हणाले, "जिव्या हाय ना तितं. तो असल्यावर कायबी व्हत नाय."

जिव्या म्हणजे जिव्या वरठा. डायल मेल्याचं ठाऊक असलेला दुसरा माणूस. मूळचा मासवणकडचा, दिवसपाळीला वाफेच्या व्हॉल्व्हवर उभा असे. त्यानं आयुष्यात डायल पाहून व्हॉल्व्ह फिरवला नव्हता. ती चालू होती तेव्हाही नाही. तो केटलचा आवाज ऐकायचा. भात शिजताना जसा आधी बडबडतो, मग कुजबुजतो, मग गप्प होतो, तशी ही बोलते, असं तो म्हणे. गप्प व्हायच्या आधी वाफ कमी करायची. रात्रपाळीच्या दोघांनाही त्यानंच ऐकायला शिकवलं होतं. कारखान्याचा रंग साडेपाच वर्षं एकसारखा उतरत होता, तो या तिघांच्या कानांवर.

"मी कोणाला सांगणार नाही," हंसा म्हणाली. "साहेबांनी जास्त, कमी आणि सरासरी मागितलंय, तेवढंच तुम्हाला शिकवते. पण काका, हे मशीन तुमच्यापेक्षा पाठ चांगलं म्हणतं. एक दिवस कोणीतरी ते नीट ऐकेल."

त्यानंतर तामोऱ्यांचं जेवण कमी झालं. पुष्पलताबाई विचारत, "कोलीम केलंय, तरी ताटात तसंच? त्या मशीननं भूक पन खाल्ली काय?" ते म्हणत, नाय गं, जरा पोट बरं नाय. त्यांनी एक-दोन दिवस रजिस्टरात ऐंशी आणि पंच्याऐंशी असे आकडे घालून पाहिले. पण ते आकडे रांगेत उपरे दिसत, आणि कोणी विचारलं असतं तर नेमकं त्याच दोन दिवसांबद्दल विचारलं असतं. म्हणून पुन्हा त्र्याऐंशी.

महिना संपला. प्रोग्राम तयार झाला. चुरी साहेबांच्या केबिनमध्ये तामोरे मशीनसमोर बसले. उदबत्ती चालू होती. जानेवारीचे सातशे चव्वेचाळीस आकडे त्यांनी तीन दिवस बसून भरले होते. एंटर मारलं. प्रिंटर करवतीसारखा ओरडला आणि कागद बाहेर आला. सर्वात जास्त चौऱ्याऐंशी. सर्वात कमी ब्याऐंशी. सरासरी त्र्याऐंशी.

तामोरे डोळे मिटून बसले होते. मॅडमनं नको म्हटलं होतं तरी.

"वा!" चुरी साहेब म्हणाले. "वा, तामोरे! महिनाभरात दोन अंशांचा फरक! अहो, जर्मनीत असं होत नाही!"

जर्मनीत कशानं होत नाही हे तामोऱ्यांना एका क्षणात कळलं. साहेबांनी स्वतः चहा सांगितला. कागद हेड ऑफिसला गेला. तामोरे त्या दिवशी घरी जाऊन दोन ताटं जेवले. पुष्पलताबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

नवव्या दिवशी हेड ऑफिसचं पत्र आलं. चुरी साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, कारण सुरुवात अभिनंदनाची होती. तीन नंबरच्या केटलचं तापमान अत्यंत स्थिर असल्याचं पाहून व्यवस्थापनास समाधान वाटलं. इतक्या स्थिर केटलचं तापमान दर तासाला नोंदवण्याची आवश्यकता नाही. सबब नोंदणीकाराचं पद रद्द करण्यात येत आहे. श्री. तामोरे यांची सेवा एक तारखेपासून अंकलेश्वरच्या कारखान्यात वर्ग करावी. तसंच वाफेच्या व्हॉल्व्हवर माणूस ठेवण्याची गरज दिसत नाही. व्हॉल्व्ह एका जागी पक्का करून तिथले कामगार कमी करावेत. फिटर सोमवारी येईल.

साहेबांचा आवाज शेवटाकडे जरा उतरला. "म्हणजे, अंकलेश्वरही चांगलं आहे," ते म्हणाले.

तामोरे बाहेर आले. केटलच्या पायथ्याशी जिव्या बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून उभा होता. आत बिडी पेटवायला बंदी होती. तामोऱ्यांनी त्याला पत्र सांगितलं.

जिव्यानं सगळं ऐकलं. त्यानं विचारलं, "वाल एका जागी बांधनार?"

"व्हय."

"मंग सकाळी थंड पानी येतं तवा कोन बघनार? दुपारी टाकी तापते तवा? काका, ती बोलल नि आयकायला कोन नसंल." त्यानं बिडी खिशात ठेवली. "तुमी सायबाला सांगा. माजं नका सांगू. तिचं सांगा."

"सांगितलं तर माझी नोकरी जाते, जिव्या."

"नाय सांगितलं तर?"

तामोऱ्यांनी हिशेब करून पाहिला. न सांगितलं तर नोकरी राहते, अंकलेश्वरला. समुद्र नाही, पुष्पलता नाही, पण पगार आहे. आणि इथे सोमवारी व्हॉल्व्ह पक्का होईल आणि भिंतीपलीकडे येसूबाई कपडे धुवत असेल. त्यांच्या सुंदर अक्षरानं हे काम केलं होतं. आकडा वाईट असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

शनिवार होता. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं आणि केबिनमध्ये शिरले. दार लावलं. एकोणीस वर्षांत त्यांनी साहेबाच्या केबिनचं दार स्वतः लावलं नव्हतं. चुरी साहेब दचकले.

"साहेब, डायल मेलीय."

"अच्छा. कधी, आज?"

"शहाऐंशीच्या श्रावणात."

चुरी साहेब हसले. मग थांबले. मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथंच ठेवला. "आणि हे आकडे?"

"मी लिवले. मनानं."

"सगळे?"

"रात्रीचे पन."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. "तामोरे, तुम्हाला समजतं का हे काय आहे? ही फसवणूक आहे! मी आत्ता, या क्षणी तुम्हाला, तुमच्यावर…" ते उठले. "मला का नाही सांगितलं?"

"चिठ्ठी दिली होती, साहेब. तुमची सही हाय तिच्यावर."

"आणि नंतर? साडेपाच वर्षं कोणी हे रजिस्टर तपासत नव्हतं का?"

तामोऱ्यांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. कोणाला काही दाखवायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना वाटलं, साहेबांना पाहायचं असेल. पानाच्या खालच्या कोपऱ्यात "तपासले" असा शिक्का होता आणि त्यावर एक झोकदार सही. तामोऱ्यांनी भाबडेपणानं पान उलटलं. तिथंही तीच सही. पुढच्या पानावरही. जवळजवळ दोन हजार पानं होती, पण चुरी साहेबांनी सातव्या पानावर त्यांचा हात धरला.

"पुरे."

ते खाली बसले. कपाळाचा घाम पुसला. आता त्या केबिनमध्ये घाबरलेली माणसं दोन झाली होती, आणि खरं सांगायचं तर तामोऱ्यांना त्यामुळे पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

"स्टोअरला विचारा, डायल मिळते का," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले.

डायल मिळाली. ती सत्त्याऐंशीच्या जानेवारीत पुण्याहून आली होती आणि फळीवर होती. स्टोअरकीपरनं धूळ झटकत खुलासा केला, "आम्ही पाठवणारच होतो, साहेब. पण रजिस्टरात रोज तापमान दिसत होतं. म्हटलं, चालू झाली असेल."

दुपारी अडीच वाजता जुनी डायल उतरवून नवी बसवली. बावीस पायऱ्यांवर साहेब, तामोरे आणि जिव्या असे एकामागे एक उभे होते. नवा काटा आधी थरथरला, मग चढायला लागला. सत्तर. ऐंशी. चौऱ्याऐंशीपाशी तो थांबेल या आशेनं तामोरे त्याच्याकडे पाहत होते. काटा चौऱ्याऐंशीवरून निघून गेला. एकोणनव्वद. त्र्याण्णव.

चुरी साहेब दोन पायऱ्या खाली उतरले. "जिव्या, हे काय?"

"कायी नाय सायेब. जरा तोंड चालवतेय ती." जिव्या खाली जाऊन व्हॉल्व्हपाशी उभा राहिला. मान तिरकी करून त्यानं ऐकलं आणि चाक पाव वळण फिरवलं. पाच मिनिटांनी काटा अठ्ठ्याऐंशीवर आला. जिव्यानं काट्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्या दिवसापासून चोवीस तासांचे चोवीस आकडे खरे आले. तामोऱ्यांनी रात्रपाळीला सांगितलं, अक्षर कसंही असू द्या, वर चढून लिवा. सोमवारी ते मशीनमध्ये भरले. एंटर मारताना चुरी साहेब उभे होते. सर्वात जास्त पंचाण्णव. सर्वात कमी एकाहत्तर. सरासरी चौऱ्याऐंशी.

"सरासरीत एकाच अंशाचा फरक," तामोरे न राहवून म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते प्रिंटरमधून कागद काढायला लागले.

फिटरला साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं. हेड ऑफिसला त्यांनी खुलासा लिहायला घेतला. तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा "तपासले" या शब्दापाशी येऊन फाडला. शेवटी सोबत पत्र न जोडता नुसता नवा कागद पाठवला. मग आठ दिवस साहेब आणि नोंदणीकार दोघंही पोस्टमन आला की खिडकीत येत. तामोऱ्यांनी घरी पुष्पलताबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेली नोकरी तर गेली. माझ्या मासळीच्या पाटीला माणूस लागतोच." पण त्या रोज दोनदा विचारत, आलं का पत्र?

पत्र आलं. या वेळी साहेबांनी ते आधी मनात वाचलं, मग तामोऱ्यांच्या हातात दिलं.

संगणक बसवल्यापासून तीन नंबरच्या केटलचं तापमान अस्थिर झाल्याचं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं आहे. पूर्वी अशी परिस्थिती नव्हती. कारणाचा शोध घ्यावा. तोपर्यंत नोंदणीकाराचं पद व व्हॉल्व्हवरील कामगार चालू ठेवावेत, आणि दर तासाऐवजी दर अर्ध्या तासाला नोंद घ्यावी. संगणकाची तपासणी करून घ्यावी.

"म्हणजे काय झालं, साहेब?" तामोऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे तुमचे रकाने अठ्ठेचाळीस झाले," साहेब म्हणाले. "लूपमध्ये आकडा बदला."

तो बदलायला एक क्षण पुरला. चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिलं की बाकी काही करावं लागत नाही, हे हंसानं शिकवलं होतं. पायऱ्यांचं मात्र तसं नव्हतं. बावीस वर, बावीस खाली, दर अर्ध्या तासाला. तामोऱ्यांचे गुडघे एप्रिलपर्यंत बोलायला लागले.

एप्रिलच्या एका दुपारी ते असेच वर चढले. काटा चौऱ्याण्णववर होता. त्यांनी चौऱ्याण्णव लिहिलं. लिहून खाली उतरायचं होतं, पण ते उतरले नाहीत. वरच्या पायरीवरच बसले, रजिस्टर मांडीवर घेऊन. काटा केसभर हलला. त्यांनी पेन घट्ट धरलं.

खालून जिव्यानं हाक मारली. "काका! जेवन थंड व्हतंय. खाली या. मी हाय ना हितं."

"तू होतासच रे. साडेपाच वर्सं तूच होतास," तामोरे काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "पन तवा मला आकडा दिसत नव्हता."

जिव्यानं मान तिरकी केली, ऐकलं आणि चाकाला हात घातला.